सौदा मर्फीचा

घासाघीस ही बायकांची विद्या, असं आपल्याकडे धरूनच चालतात. मेथीची जुडी पंधराची दहाला पाडून घेणं, बोहारणीला दोन जरीच्या पातळांवर आणखी एक पातेलं काढायला लावणं, साडीच्या दुकानातून उठून निघाल्यासारखं करणं आणि पायरीवरून परत बोलावून घ्यायला लावणं... यावर पुरुषमंडळी विनोद करतात आणि त्याच विद्येवर महिनाअखेरही गाठतात. पण वस्तूला वायर आणि बटणं असली, की तीच बाई एकदम ‘तुम्हाला त्यातलं काय कळतंय’च्या रांगेत जाऊन बसते. मिक्सर दुरुस्तीला न्यावा तर दुकानदार विचारतो, ‘साहेब नाही आले?’ आता आमच्या साहेबांनी मिक्सर शेवटचा कधी लावला, हे त्यालाच ठाऊक!

जुने रेडिओ हे असंच एक पुरुषांनी आपलं म्हणून टाकलेलं क्षेत्र. गेली वीसेक वर्षं मी त्यात लुडबूड करते आहे. एकूण नऊ सेट घेतले. सहा बोलतात, दोन मुके आहेत पण देखणे आहेत, आणि एक नुसता पार्ट्ससाठी माळ्यावर आहे. नवापैकी एकही दुकानातून घेतलेला नाही. सगळे आधी इंटरनेटवरच्या लिलावातून आणि पुढे मोबाईलवरच्या जाहिरातींतून आलेले. आमचे हे म्हणतात, ‘घरात माणसं दोन आणि रेडिओ नऊ.’ म्हणू देत. त्यांच्या पहिल्या स्कूटरवर जेवढा खर्च झाला, त्याच्या निम्म्यातही माझे नऊ रेडिओ बसले नाहीत, आणि त्याचा हिशेब वहीत आहे.

‘पण जुना रेडिओ कशाला?’ हा प्रश्न येतोच. आमच्या भागात रेडिओ म्हणजे सांगली आकाशवाणी. हे केंद्र सुरू झालं १९६३ साली. त्याआधी इकडं पुणे, मुंबई आणि धारवाड लागायचं, आणि रात्री सिलोन. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये गीतरामायण झालं, तेव्हा ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर निम्मी गल्ली बसलेली असायची, असं सासूबाई सांगायच्या. रेडिओला तेव्हा लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि त्या पुस्तकावर तिकीट चिकटवून घ्यायचं. ऐंशीच्या दशकात कधीतरी ते बंद झालं. लायसन्स कुणाच्या नावावर असायचं, हे सांगायला नकोच. रेडिओ असायचा उंच फळीवर, मुलांचा हात पोचू नये म्हणून. त्यावरचा क्रोशाचा रुमाल घरातल्या बाईनं विणलेला, धूळ तिनंच पुसायची. बटण मात्र मामंजींच्या हातात! ते कामावर गेले, की दुपारच्या वेळात रेडिओ तिचा. म्हणजे सगळ्यांत जास्त ऐकणारी ती आणि रेडिओशी तिचा कागदोपत्री संबंध शून्य. आज तोच रेडिओ भंगारात निघतो तेव्हाही तिला कुणी विचारत नाही. माझ्या लेखाचा मुद्दा तिथंच आहे, पण त्याआधी ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

इंटरनेटवरचा लिलाव आपल्याकडे आला तो २००० साली, बाझी डॉट कॉम या नावानं. २००४ मध्ये अमेरिकेच्या ईबे कंपनीनं ती विकत घेतली आणि पुढं तिचं नावही ईबे झालं. आमचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, त्यानं मला खातं काढून दिलं. घरी कॉम्प्युटर नव्हता. स्टेशनकडच्या एका नेट कॅफेत तासाला वीस रुपये देऊन बसायचे. आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं. मी पिशवीत भाजी घेऊन शिरले, की तीच खुर्ची सरकवून द्यायची. पहिला रेडिओ घेतला तो २००६ च्या मे महिन्यात, मर्फीचा, लाकडी कपाटाचा, साडेआठशे रुपयांना. तोंडावर बोट ठेवलेल्या त्या गोड बाळाची जाहिरात ज्यांनी पाहिली असेल त्यांना मर्फी वेगळा सांगायला नको. कंपनी मूळची इंग्लंडची, आपल्याकडचा कारखाना ठाण्याला होता. तरुण मैत्रिणींसाठी सांगते, २०१२ च्या ‘बर्फी’ सिनेमातल्या बर्फीचं खरं नाव मर्फी, ते याच रेडिओवरून.

लिलावात स्वस्त कसं मिळायचं? पहिली युक्ती स्पेलिंगची. शोधणारे सगळे मर्फीचं अचूक स्पेलिंग टाकून शोधायचे. पण विकणाऱ्यानं ‘पीएच’ऐवजी ‘एफ’ घातला असेल, किंवा फिलिप्समध्ये एक ‘एल’ जादा घातला असेल, तर तो रेडिओ कुणालाच दिसत नसे. मी मुद्दाम चुकीची स्पेलिंगं लिहून शोधायचे. पाच-सहा प्रकार वहीत उतरवून ठेवले होते. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. लिलाव मंगळवारी दुपारी अडीचला संपत असेल, तर नोकरदार गडी साहेबासमोर बसलेला असतो. आपली भांडी झालेली असतात! तिसरी, फोटो. ज्याचा फोटो झळझळीत आणि मथळ्यात ‘अँटिक’ हा शब्द, त्याच्या मागं गर्दी. ज्याचा फोटो अंधारात काढलेला, रेडिओशेजारी कळशी आणि कॅलेंडर दिसतंय, तिकडं कुणी फिरकत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आकडा. या लिलावात आपण जास्तीत जास्त किती देणार तो आकडा आधीच भरून ठेवता यायचा. तो कुणाला दिसत नसे. दुसऱ्यानं बोली वाढवली की मशीनच आपल्या वतीनं एकेक पायरी चढायचं, पण आपल्या आकड्यापर्यंतच. समजा मी हजार भरले आणि दुसऱ्याची धाव सहाशेपर्यंतच असली, तर मला तो सहाशेच्या वरच्या पहिल्या पायरीलाच पडायचा, हजाराला नाही. त्यामुळे आकडा भरायचा आणि उठून यायचं. शेवटच्या पाच मिनिटांत स्क्रीनसमोर बसलं, की माणसाला वस्तू नको असते, जिंकायचं असतं. पुरुषांचं लिलावात जे नुकसान होतं ते इथं होतं, असं माझं निरीक्षण आहे. आपल्याला महिन्याचं किराण्याचं पाकीट वेगळं काढून त्यातच भागवायची सवय असते. इथं तीच उपयोगी पडते.

आता वस्तू तपासायची कशी? लांबच्या माणसाकडून घेताना मी नेहमी चार फोटो मागते: समोरून, मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून आतला, मॉडेलच्या लेबलचा आणि खालच्या बाजूचा. खालचा कशासाठी, हे इकडच्या बायकांना लगेच कळेल. आपला शिरोळ तालुका म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा. २००५, २०१९, २०२१... पुराचं पाणी ज्या घरात शिरलं तिथल्या लाकडी कपाटावर आडवी रेघ राहते, वरून पॉलिश मारलं तरी तळाला प्लायवूड फुगलेलं दिसतं. असा रेडिओ कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण पाण्यात राहिलेला ट्रान्सफॉर्मर सहसा कामातून गेलेला असतो. उंदरांचंही तसंच. आतल्या पत्र्यावर पांढरे-हिरवे डाग दिसले, तर तिथं त्यांचा संसार झालेला आहे असं समजायचं.

‘वर्किंग’ या शब्दावर तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. हल्ली रेडिओचं पोट साफ करून आत ब्लूटूथचा स्पीकर बसवतात आणि ‘वर्किंग कंडिशन’ म्हणून विकतात. (दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा तर ठेवा, पण एका चांगल्या यंत्राचे आतडे काढून त्यात गाणी भरणाऱ्यांचा मला राग येतो, तो येतोच.) हे ओळखायची सोपी खूण आहे. बटण दाबल्यापासूनचा व्हिडिओ मागवा. वॉल्व्हचा रेडिओ तापायला वीस-तीस सेकंद घेतो, मग हळूहळू आवाज येतो. बटण दाबताच गाणं सुरू झालं, तर आत वॉल्व्ह नाहीत.

आणि घरी आल्यावर लगेच प्लगमध्ये घालायचा नाही! वीस-तीस वर्षं बंद पडलेल्या रेडिओतले कंडेन्सर सुकलेले किंवा गळके असतात. थेट करंट दिला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आमच्या गल्लीतले रेडिओवाले मामा आधी सिरीजमध्ये साठचा बल्ब लावून सेट सुरू करतात. बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. काही जुन्या सेटना ट्रान्सफॉर्मरच नसतो, आतला पत्रा सरळ मेनला जोडलेला असतो. त्यांचं मागचं झाकण उघडं ठेवून पुसायला बसू नये. शॉक म्हणजे जिवावरचाच. हे काम जाणकारानंच करावं.

घेण्याआधी आणखी एक विचार करा, की ऐकणार काय? जुन्या सेटवर एफएम लागत नाही, फक्त मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह. आकाशवाणीनं गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणची मीडियम वेव्ह प्रक्षेपणं बंद केली. बीबीसीची हिंदी सेवा शॉर्टवेव्हवर होती, ती जानेवारी २०२० अखेर थांबली. शिवाय एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर यांची खरखर. मी रात्री घरातले दिवे घालवून ऐकते. काय मिळतं? कधी कानडी, कधी तामिळ, कधी नुसती शीळ. ज्यांना ‘पैसे वसूल’ हवेत त्यांनी चारपाचशेचा एफएम घ्यावा, तो उत्तम.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

लिलाव आम्हा जयसिंगपूरकरांना नवा नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं हे गाव वसवलं, ते व्यापारपेठ म्हणूनच. सरळ आखलेल्या रस्त्यांचं, नंबरांच्या गल्ल्यांचं गाव. इथं व्यापार तंबाखूचा, शेजारी सांगलीत हळदीचे सौदे, कोल्हापुरात गुळाचे, तासगावला बेदाण्याचे. जुनी माणसं ‘हत्ता’ पद्धतीची गोष्ट सांगतात. दलाल आणि व्यापारी हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. शेतकरी समोर उभा. माल त्याचा, पण आकडा त्याला कळायचा नाही. पुढं कायद्यानं बाजार समित्या आल्या, रुमाल गेला आणि उघड बोली सुरू झाली. उघड बोलीत शेतकऱ्याला भावाचं ज्ञान नसलं तरी फारसं बिघडत नाही, कारण समोरच्या दहा व्यापाऱ्यांना ते असतं आणि ते एकमेकांना स्वस्तात घेऊ देत नाहीत.

ईबेवरच्या लिलावाचं मला हेच आवडायचं. एखाद्या बाईनं नवऱ्यामागं राहिलेला रेडिओ शंभर रुपयांपासून बोलीला लावला, तरी तो शंभराला जायचा नाही. जाणकार एकमेकांवर चढून तो त्याच्या खऱ्या किमतीजवळ नेऊन ठेवायचे. तिथं चुकीच्या स्पेलिंगचा फायदा मी घेतला, तो दुकानदारांकडून. ज्याचा धंदाच तो, त्याला आपल्या मालाचं नाव लिहिता येत नसेल तर त्याचं त्यानं बघावं. पण फोटोत घरची भिंत दिसली आणि वर्णनावरून वस्तूची ओळख नाही असं वाटलं, तर मी निरोप पाठवून बरोबर स्पेलिंग कळवायचे. यावर आमच्या घरात कायम वाद. त्याकडे येतेच.

२०१७ मध्ये ईबेचा भारतातला कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली. बातमी पेपरात एका कोपऱ्यात होती. पण माझ्या मते सामान्य घरातली जुनी वस्तू उघड बोलीला लावायची सोय तेव्हा संपली. आता ओएलएक्स आहे, फेसबुक आहे, व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहेत. तिथं लिलाव नसतो. जाहिरात टाकायची, फोन यायचे, एकेकट्याशी बोलायचं. दुसऱ्यानं काय भाव सांगितला ते तिसऱ्याला कळत नाही. म्हणजे रुमाल परत आला की!

याची गंमत (गंमत कसली?) २०१९ च्या महापुरानंतर बघितली. ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर आठवडाभर दारादारात चिखलातलं सामान पसरलेलं आणि भंगारवाल्यांचे टेम्पो फिरतायत. पितळी भांडी, शिलाई मशीन, रेडिओ... किलोवर. भिजलेलं जाऊ द्या, पण माळ्यावरचं कोरडं सामानही त्याच ढिगात गेलं. घराची भिंत पडलेली असताना रेडिओची किंमत कोण विचारत बसणार?

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आमच्याकडं पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी सांगितलं, त्यांच्या बहिणीकडं जुना रेडिओ आहे, नातवानं मोबाईलवर टाकलाय, पाचशेला. मी फोटो बघितला. फिलिप्सचा वॉल्व्हचा सेट, माळ्यावर असल्यानं पाणी न लागलेला, कपाट शाबूत, आणि वरच्या बाजूला जादूचा डोळा! म्हणजे तो हिरवा दिवा, स्टेशन नीट लागलं की मिटत येणारा. मला असा एक हवाच होता. वहीतल्या हिशेबानं अडीच हजारांपर्यंत द्यायची माझी तयारी होती.

मी त्या बाईंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, ‘पाचशे म्हंजे लई झालं की वो. भंगारवाला दीडशे म्हनला हुता.’ मी विचारलं, फोन किती आले? तर सकाळपासून नऊ. पुण्याचा एक जण म्हणे आठशे देतो, आत्ता मोबाईलवरून पाठवतो, ‘पण फोटो लगेच काढून टाका.’

फोटो काढून टाका! मालाला भाव येऊ नये, म्हणून बाकीच्यांना बाजारातून हाकलायची ही पद्धत. मी म्हटलं, ‘मावशी, दम धरा जरा. रेडिओ कुठं पळून जात नाही.’ नातवाला सांगितलं, नवाच्या नऊ जणांना एका ग्रुपवर घे आणि लिही की रविवारी संध्याकाळी सहापर्यंत सगळ्यांनी आपापला आकडा इथंच टाकायचा. सगळ्यांना सगळे आकडे दिसतील. वाहतूक घेणाऱ्याची. दहावी मी. पोरगं हुशार, त्यानं व्हिडिओही टाकला. आमच्या मामांनी आधी जाऊन बल्ब लावून सेट सुरू करून दिला होता. डोळा थोडा मंद होता, तेही लिहिलं.

पुण्याचा गडी चिडून ग्रुपमधून निघून गेला. शनिवारी परत आला! आठशे, हजार, बाराशे, अठराशे. रविवारी दुपारी मी अडीच हजार लिहिले आणि मोबाईल बाजूला ठेवून चहा टाकला. सहाला बघते तर चार हजार तीनशे. इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी घेतला, सोमवारी मोटारसायकलवर येऊन रोख पैसे देऊन, शालीत गुंडाळून घेऊन गेले.

आता वादाची गोष्ट. आमचे भावोजी त्या रात्री जेवायला होते. ते म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही गप्प बसला असता तर पाचशेत घरात आला असता. बाजार म्हणजे बाजार. ती विकत होती, तुम्ही घेत होता. मंडईत तुम्ही भाव पाडत नाही काय?’

पाडते. पण मंडईतल्या भाजीवालीला मेथीचा आजचा भाव माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. ती मला पंधरा सांगते तेव्हा आठला आपल्याला परवडतं हे तिच्या डोक्यात पक्कं असतं. आमची दोघींची कुस्ती बरोबरीची आहे, म्हणून तिथं घासाघीस शोभते. बोहारीण तर आपल्याला विकून खाईल इतकी तयार! इथं मात्र एका बाईला आपल्या घरातल्या वस्तूचा भाव माहीत नाही, कारण आयुष्यभर तिला त्या वस्तूची धूळच पुसायला मिळाली. तिच्या त्या अज्ञानावर जो ‘चांगला सौदा’ होतो, त्याला मी सौदा म्हणत नाही. भावोजींना हे पटलं नाही. ‘मग तुम्ही धंदा करू नका,’ म्हणाले. मी कुठं करते?

ते आणखी एक म्हणाले, त्यात मात्र तथ्य आहे. अशानं लोकांना वाटतं की जुन्या डबड्याला सोन्याचा भाव येतो. खरं आहे. मध्यंतरी जुन्या रेडिओ-टीव्हीत ‘लाल पारा’ असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतात, अशी अफवा फिरत होती. असला कुठलाही पारा त्यात नसतो. कुणी लाखाचा भाव सांगून आधी ‘फी’ मागितली तर फोन ठेवून द्या. मोबाईलवर चार आकडी किमती मागणारेही खूप दिसतील. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक असतो. परदेशातल्या ईबेवर ‘विकले गेलेले’ सामान आणि त्याची मिळालेली किंमत वेगळी बघता येते, तेवढं बघावं, पण तिथल्या डॉलरला आपल्या रुपयांनी गुणत बसू नये. तिकडचं गिऱ्हाईक वेगळं.

तर ज्यांच्या माळ्यावर अजून एखादा बुश, मर्फी, नेल्को किंवा फिलिप्स आहे, त्यांनी आधी सासूबाईंना किंवा आईला विचारावं, विकायचा आहे का. ‘नको’ म्हणाल्या तर विषय संपला. ‘विका’ म्हणाल्या तर कोरड्या फडक्यानं पुसा, पॉलिश करू नका, घेणाऱ्याला जुनं पॉलिशच हवं असतं. प्लगमध्ये घालू नका. मागच्या लेबलचा आणि आतल्या वॉल्व्हचा उजेडात फोटो काढा. लायसन्सचं पुस्तक सापडलं तर ते भंगारात घालू नका, हौशी माणसं त्याचेही पैसे देतात. मथळ्यात कंपनीचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडं नीट लिहा. पैसे घेताना कुणी ‘हा कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणालं, तर टाकू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

आणि पहिल्या फोनला ‘हो’ म्हणायचं नाही. ‘फोटो काढून टाका’ म्हणणाऱ्याला तर अजिबातच नाही. सगळ्यांचे नंबर लिहून घ्या, ग्रुप करा आणि वार सांगा. रविवार संध्याकाळ बरी पडते, सगळे घरी असतात.